गरम सकर आणि कामाची चप्पल

१० मार्च, सोमवार

आणि वर ती पोरगी मला विचारते, "मॅडम, प्रॉडक्ट ओल्या हाताने वापरलं का?" ओल्या हाताने! पंधरा वर्षं खालापूरच्या कंपनीत शिसं वितळवत बसले, दिवसाला सर्किटच्या चारशे प्लेटी ह्या हातांखालून गेल्या, आणि ही सकर विकणाऱ्यांची फोनवरची पोर मला हात पुसायला शिकवते. तिच्या तोंडून 'झटका' हा शब्द काही निघेना. 'मायनर इशू' म्हणे. मी बोलले, बाई, बोटाला लागला आणि कोपरापर्यंत चढला, ह्याला मायनर म्हणत असशील तर एकदा इकडे येऊन धर. मग बोलली, "तारीख आणि वेळ लिहून ठेवा, त्यावर कंप्लेंट घेऊ."

म्हणून ही डायरी. भाताच्या गिरणीवाल्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली, कोरीच पडली होती. छापलेले वार आता जुळत नाहीत, ते खोडून मी माझे घातलेत. चौथी शिकलेय, तेवढ्यात भागेल.

वस्तू: करंटवाला सकर. सकर म्हणजे उलटी पिचकारी. प्लेटीवरचं जुनं शिसं वितळलं की बटण दाबायचं, ती ते आत ओढून घेते, आणि बिघडलेला पार्ट सुटा होतो. साधा सकर माझ्याकडे आहेच, पण एका हातात गरम सोल्डरगन, दुसऱ्या हातात सकर, मग प्लेट धरायला तिसरा हात आणू कुठून? हा नवा स्वतःच तापतो आणि स्वतःच ओढतो. मोबाइलवर स्वस्तात दिसला, पोराला, रूपेशला सांगून मागवला. कंपनीत माझं टेबल जोडायचं. उखडायला वेगळं टेबल, तिथे दुसरी माणसं. कंपनी गेली गुजरातला, मी आले पोशीरला घरी, आणि आता पडवीत लोक जे आणून टाकतात, फवारणीच्या पंपाचे चार्जर, मिक्सर, पंख्याचे रेग्युलेटर, ते सगळं आधी उखडावंच लागतं.

पहिला झटका: आज, सकाळी सव्वानऊ. सकरच्या पुढच्या लोखंडी नळीला बोट लागलं. मी अशी ओरडले की आत मोरीपाशी कपड्याचं मशीन लावून उभी असलेली आमची सून हर्षला धावत बाहेर आली. मला वाटलं पाणी आणेल. तर बोलते, "आई, मशीनलापण असंच झिणझिणतं. संक्रांतीपासून सांगतेय. तेपण लिहा ना डायरीत."

मी बोलले, "तुझी डायरी तू घे."

काम टाळायचं असलं की हिला झिणझिण्या येतात.

११ मार्च, मंगळवार

दुसरा झटका: साडेनऊ. तसाच. सकर पिशवीत घातला आणि शेअर रिक्षा पकडून नेरळला सुलेमानभायकडे गेले. त्याचं टीव्हीचं दुकान तीस वर्षांचं. आता टीव्ही कोणी दुरुस्त करत नाही, म्हणून तो सगळंच करतो.

त्याने सकर लावला, तापू दिला, टेस्टर टेकवला. दिवा नाही. माझ्यासमोर उघड्या बोटाने नळीच्या मागच्या गार भागाला हात लावला. काही नाही.

"शकू, ह्याच्यात काय नाय गं."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तसं कुटं बोललो? आधी ऐक तरी. ह्याला तीन पिनांची वायर हाय, हे बरं हाय. दोन पिनांचे येतात ते घेऊच नको, त्यांच्यातली गळती सरळ तुझ्या अंगात. पण स्वस्तातला माल तो स्वस्तातला. खाली गोणपाट घाल, पायात रबराची चप्पल घालून बस. आणि घरचं अर्थिंग बघून घे एकदा."

घरचं अर्थिंग! बारा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा हाताएवढी पट्टी पुरलीय जमिनीत, खाली मीठ-कोळसा घालून. गावात कोणाकडे नसेल असं अर्थिंग आहे आमचं. ते मी ऐकून सोडून दिलं. चपलेचं बरोबर वाटलं.

१२ मार्च, बुधवार

आज पडवीत चप्पल घालून बसले. माझं टेबल देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून आहे, म्हणून आधी हात जोडून सांगितलं, देवा, ही कामाची चप्पल आहे, राग धरू नको. झटका नाही.

म्हणजे सुलेमानभाय बोलतो तसं यंत्र ठीक आणि माझं अंग खोटं? सकरवाल्या कंपनीला हे सांगायचं नाही.

गुण आणि अवगुण लिहून ठेवते. तापायला सात मिनिटं लागतात, तेवढ्यात चहा होतो. जाड पायाचे पार्ट, ट्रान्सफॉर्मर वगैरे, असे सोडवतो की बघत राहावं. बारीक कामाला नालायक. जरा जास्त टेकवला की प्लेटीवरची तांब्याची रेघच उचलून आणतो. दोन रेग्युलेटर मी त्यात घालवले. आणि टोकाचं भोक शिशाने सारखं चोंदतं.

मी सुईने भोक कोरत बसलेले बघून हर्षला बोलली, "आई, आधी टोकाला थोडं नवीन शिसं लावा. शिशानं ओलं झालेलं टोक चिकटत नाय आणि चोंदतपण नाय." तिने आयटीआय केलंय, इलेक्ट्रॉनिक्सचं. कागदावरचं. मी बोलले, तू भाकऱ्या बघ. एका घरात एकच टेबल पुरतं. जाता जाता तरी बोललीच, "आणि जेवायच्या आधी साबणाने हात धुवा, ते शिसं पोटात जातं." मला शिशाचं शिकवते.

मग ती आत गेल्यावर मी टोकाला शिसं लावून बघितलं. चोंदत नाही. माझ्या कधीपासून डोक्यात होतंच ते.

आणि खरी गोष्ट लिहायची राहिली. पाणी प्यायला आत गेले तर ही बाई मोरीपाशी चपला घालून उभी! घरात! हिचे सासरे जेवायला बसलेत पलीकडे आणि ही चपला घालून मशीनमधले कपडे काढते.

"काढ त्या."

"आई, तुमीपण घातल्यात."

"माझी कामाची हाय."

"मग मी हितं काय नाचतेय का?"

आमचे हे भाकरीत तोंड घालून हसत होते. मी बघितलं.

१४ मार्च, शुक्रवार, धुळवड

तिसरा झटका: अकरा वाजता, आणि सगळ्यांत मोठा. सणाचा दिवस म्हणून मी चप्पल काढली होती. काम करायचंच नव्हतं, पण मोग्रजचा एक माणूस पंपाचा चार्जर घेऊन दारात येऊन बसला, बागेत फवारणी अडलीय बोलला. सकर हातातून उडाला तो टेबलावर पडून फळी भाजली.

हात झटकत आत गेले. मोरीपाशी रंगाच्या कपड्यांचा ढीग, मशीन घरघरतंय, आणि हर्षलाच्या पायात पुन्हा चपला. सणासुदीला! माझं डोकंच फिरलं. तिच्या पायातून काढायला लावल्या आणि त्या दारातून बाहेर अंगणात फेकल्या, पार पेव्हर ब्लॉकच्या टोकापर्यंत.

ती रडली नाही. मला तेच जास्त झोंबलं. बोलली, "आई, तुमी अनवाणी मशीनला हात लावून बघा, मग बोला."

"मला कामं नायत का?"

"मला पण हायत. पण मी मरायला आली नाय हितं."

असं कोणी बोलतं का सणाच्या दिवशी? मशीन तसंच अर्धं सोडून तिने पिशवी भरली. संध्याकाळी रूपेश तिला बाइकवरून मोहोपाड्याला माहेरी सोडून आला. आल्यावर तिच्याशी वाटेत काय बोलला ते विचारलं तर बोलला, "काय नाय." खोपोलीच्या कंपनीत हा यंत्रांशी दिवसभर बोलतो, घरी आल्यावर ह्याचे शब्द संपतात.

१७ मार्च, सोमवार

झटका नाही. तीन दिवसांत एकही नाही! चप्पल न घालता पण बघितलं, घाबरत घाबरत. काही नाही.

शनिवारी मी त्या फोनवरच्या पोरीला सांगितलं होतं की तीनही तारखा वेळेसकट लिहिल्यात आणि आता तिच्या वरच्या माणसाकडे जाणार. बघा कसे सुधारले. इथे बसून तिकडचं यंत्र कसं सुधारतं ते मला विचारू नका. घाबरले एवढं खरं.

एक दुसरीही गोष्ट मनात येते ती लिहू की नको. हर्षला गेली आणि यंत्र शहाण्यासारखं वागायला लागलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आली मनात, म्हणून लिहिली.

सतरा चार्जर झाले. आधी महिना लागला असता. फक्त भरलेली पिचकारी रिकामी करायची विसरले, तर बटण दाबल्यावर गरम शिशाचा थेंब उलटा उडून पदराला भोक पडलं. डोळा वाचला. रूपेशचा जुना गॉगल लावून बसते आता. हे येताजाता बोलतात, "हिरोईन."

२० मार्च, गुरुवार

चहात साखर कोणालाच बरोबर घालता येत नाही. मी घातली तर ह्यांना कमी, ह्यांनी घातली तर मला पाक.

ह्यांचं नाव बुधाजी. घ्यायचं नाही म्हणतात, पण डायरीत कोण बघतंय. तर बुधाजी रोज दुपारी मागच्या परसात जाऊन फोनवर बोलतात. हळू. आज कान दिला. "हो गं पोरी, जेवलो. तुझी सासू? बरी हाय. गॉगल लावून बसते."

कपड्यांचा ढीग मोरीत माझ्या कमरेपर्यंत आलाय. हे आपले दोन कपडे मागच्या दगडावर आपटून येतात आणि मला दाखवून वाळत घालतात. मी बोलले, मशीन आहे ना घरात. बोलले, "मला नाय वापरता येत." तीन बटणांचं मशीन.

२३ मार्च, रविवार

आज अक्षर वाकडं येईल.

सकाळी दहाला मी मशीनमध्ये पाणी भरलं, कपडे कोंबले, चालू केलं. म्हटलं ते फिरतंय तोवर एक चार्जर उखडून घेऊ. पडवीत आले, सकर तापवला, उचलला.

चौथा झटका. दहा वाजून दहा मिनिटं.

मी त्या यंत्राला जे बोलले ते इथे लिहीत नाही. आधी मशीन बंद करते, मग त्या पोरीला फोन लावते, असं ठरवून तरातरा आत गेले. मोरी ओली, पाय अनवाणी. मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला.

पुढचं नीट आठवत नाही. हात आत ओढल्यासारखा झाला आणि मी मागच्या भिंतीवर. बुधाजींनी माझा आवाज ऐकून धावत जाऊन मेन स्विच पाडला. हे बरं केलं, मला धरायला आले नाहीत. जमिनीवर बसून मी एकच विचारलं, "किती वाजले?" ह्यांना वाटलं मला भ्रम झाला.

मग डायरी आणायला लावली. पहिला झटका सव्वानऊ, हर्षला मशीनपाशी. दुसरा साडेनऊ, तिची धुण्याची वेळ. तिसरा धुळवडीला, रंगाचे कपडे. मध्ये आठ दिवस मशीन बंद, झटका नाही. आज मशीन चालू, झटका. सगळं माझ्याच हातचं, तारीख-वार घालून. कंपनीसाठी लिहिलेलं.

संक्रांतीपासून सांगतेय, बोलली होती ती. आणि तिच्या पायातली चप्पल मी बाहेर फेकली. ओल्या मोरीत.

आज जेवले नाही.

२४ मार्च, सोमवार

सुलेमानभाय सकाळीच आला, स्कूटरवर हत्यारं बांधून. रविवारचं दुकान बंद असतं, म्हणून आज बंद ठेवलं बोलला. ह्यात काय हिशोब ते त्यालाच माहीत.

माझ्या टेबलाच्या बोर्डात वरचं जाड भोक असतं ना, तिसऱ्या पिनेचं, त्यात त्याने टेस्टर घातला. काही नाही. ह्यांना बोलला मशीन चालू करा, हात न लावता. टेस्टर पेटला. ज्या भोकात करंट कधी असूच नये, त्यात.

"समजलं?"

"समजलं नाय. सांग."

"घरातल्या सगळ्या तिसऱ्या भोकांची वायर एकच, ती जाते अर्थिंगला. मशीनमधी गळती हाय. ती त्या वायरीनं जमिनीत जायला बघते, पण जमीन तिला घेत नाय. मग घरभर फिरते आणि तुझ्या सकरच्या नळीतनं बाहेर येते. माझ्या दुकानात सकर गप्प होता, कारण माझं अर्थिंग जिवंत हाय. सकरचा काय दोष नाय. चाडी केली त्यानं."

मशीन उलटं केलं. मोटरची वायर उंदराने कुरतडलेली, तांबं पत्र्याला चिकटलेलं. उंदराचं मी समजू शकते.

"आणि अर्थिंगचा खड्डा कुटं हाय?"

मी बुधाजींकडे बघितलं. बुधाजींनी आंब्याच्या झाडाकडे बघितलं.

खड्डा पेव्हर ब्लॉकखाली. दिवाळीत मी घालून घेतले, अंगणात चिखल होतो, पाहुण्यांसमोर लाज वाटते म्हणून. तेव्हाच धुण्याचा दगड मागे नेला. बारा वर्षं त्या दगडाचं पाणी वाहून खड्ड्यात मुरत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कुदळीने सहा ब्लॉक काढले. माती अशी कोरडी की हातातून पिठासारखी गळाली. पट्टीला जोडलेली वायर गंजून तुटलेली, नुसती टेकून होती.

"ब्लॉक घालायच्या वेळी बुधाजी काय बोलले नायत?" सुलेमानभायने विचारलं.

"बोललो होतो," बुधाजी बोलले. "ती बोलली, तुमाला काय समजतं."

बोलले असेन.

दुपारपर्यंत नवी वायर, मीठ, कोळसा, आणि वर पाइपचा तुकडा उभा करून ठेवला, रोज बादलीभर पाणी ओतायला. गळती झाली की घरभर लाइट पाडणारा स्विच मेनपाशी बसवला. सुलेमानभाय बोलला, "सकर प्रत्येक वेळी चाडी करणार नाय. हा करेल." मशीन लावून, पाय ओले करून त्यानेच आधी हात लावला. मग मी. काही नाही. गार पत्रा.

चहा पिताना त्याने विचारलं, "सून किती दिवस सांगत होती?"

"संक्रांतीपासून."

त्याने दुसरा कप मागितला. त्यात साखर जास्त झाली होती तरी प्यायला.

२६ मार्च, बुधवार

काल दोनदा फोन हातात घेतला. मी बोलायला लागले की भांडण होतं, मग ठेवला. मोबाइलवर टाइप करायला येत नाही. म्हणून ह्या खालच्या मजकुराचा बुधाजी फोटो काढतील आणि पाठवतील. ह्यांना फोटो काढता येतो, फक्त मशीन येत नाही.

हर्षला,

मशीनला झटका होता. तू बोललीस तसाच. मी अनवाणी हात लावून बघितला, तूच बोलली होतीस तसं. भिंतीपर्यंत गेले. आता दुरुस्त झालंय, सुलेमानभायने स्वतः बघितलंय, अर्थिंग नवीन केलंय, तुझे सासरे रोज त्यात बादली ओततात आणि चारचौघांना दाखवतात.

चूक माझी होती. हे एकदाच लिहितेय. समोर विचारलंस तर 'नाही' बोलेन.

तुझी चप्पल अंगणातून आणून धुतली आणि मोरीपाशी ठेवलीय. घरात. ती तिथेच राहील. देवाला सांगितलंय.

टोकाला आधी शिसं लावायचं, ते पण तुझंच होतं. मी साबणाने हात धुते.

आता ऐक. पडवीत माझ्या टेबलाला काटकोनात दुसरं टेबल मावतं, मी मोजलं. त्याला वेगळा बोर्ड सुलेमानभाय देणार आहे. जाड काम मी करेन, ह्या सकरने होतं. बारीक कामात मी तांब्याच्या रेघा उपटते, ते तू कर, तुझ्या आयटीआयने. रविवारी पाडवा आहे, त्या दिवशी तुझ्यासाठी दुसरा सकर आणायचाय. माझ्यासारखा स्वस्तातला चालेल, की तो डब्याचा महाग पाहिजे, ज्यात गरमी कमीजास्त करता येते? मला त्यातलं कळत नाही, तुला कळतं.

रूपेशला रविवारी सुट्टी आहे, बाइकमध्ये पेट्रोल आहे, मी बघितलंय.

कुठला सकर, आणि पाडव्याला किती वाजता न्यायला येऊ देत, ह्या दोन्हींचं उत्तर मला शनिवारी दिवे लागायच्या आत पाहिजे. "बघू" असं लिहिलंस तर मीच रूपेशच्या मागे बसून येईन.